‘पाय ब्रेकवरच होता’ : गाडी उधळते कशी आणि ब्रेक ओव्हरराइड कुठे अपुरा पडतो

प्रश्न : बाबांचं वय ६७. तीस वर्षं गिअरची गाडी चालवली, चार महिन्यांपूर्वी ऑटोमॅटिक पेट्रोल घेतली. गेल्या रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधून बाहेर काढताना गाडी एकदम उधळली आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीत घुसली. बाबा शपथेवर सांगतात की पाय ब्रेकवरच होता, दाबला तशी आणखी पळाली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, गाडीत ब्रेक ओव्हरराइड आहे, म्हणजे ब्रेक दाबला की इंजिनाची ताकद आपोआप कमी होते, त्यामुळे असं होऊच शकत नाही, चूक चालवणाऱ्याची. खरं काय मानायचं?

उत्तर :

वडिलांना लागलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागलं नसावं असं धरून चालतो. मानेला झटका बसला असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवतो, तेवढं मात्र बघा.

मी शिवाजी उद्यमनगरात एकतीस वर्षं गाड्यांखाली आडवा पडतोय. सुरुवातीची वर्षं पाने पुसण्यात गेली, मग ब्रेक आणि डिझेल पंपाचं काम हातात आलं. अलीकडे अपघाताची गाडी आली की विम्याचे सर्व्हेअर ‘मिस्त्री, जरा बघून सांगा’ म्हणून बोलावतात. ‘पाय बिरेकवरच हुता वो’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की मोजायचं सोडून दिलं. त्यात मुद्दाम खोटं बोलणारा एखादाच असेल. तेव्हा आधीच सांगतो, तुमचे वडील खोटं बोलत नाहीत. पण त्यांना वाटतं तसं घडलंही नसावं.

तुमच्या प्रश्नातले चार शब्द मी दोनदा वाचले : ‘दाबला तशी आणखी पळाली.’ ब्रेकचं पेडल इंच-दोन इंच खाली जातं आणि मग पायाला दगड लागावा तसं अडतं. रेसचं पेडल मऊ, ते थेट फळीपर्यंत जातं. इंजिन खरोखर आपोआप भडकलं असतं, तर वडील म्हणाले असते, ‘ब्रेक दाबला, गाडी रेटत होती, इंजिन बोंबलत होतं.’ पायाच्या जोराबरोबर गाडीचा जोर वाढला, याचा अर्थ इंजिन पायाचंच ऐकत होतं. गाडी आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो : दाबल्यावर काय झालं?

आता ब्रेक आणि इंजिन यांच्यात जास्त ताकदवान कोण, ते बघू. साध्या पेट्रोल हॅचबॅकला उभ्यावरून १०० चा वेग घ्यायला बारा-तेरा सेकंद लागतात. तीच गाडी १०० वरून साडेतीन-चार सेकंदांत उभी राहते. म्हणजे ब्रेकची ताकद इंजिनाच्या तिप्पट तरी आहे. अमेरिकेतल्या एका मोटार मासिकाने २०१० च्या सुमारास टोयोटा कॅमरीवर हे करून बघितलं. ताशी ११० किलोमीटरच्या आसपास रेस पूर्ण दाबून ठेवूनच कचकन ब्रेक मारला. रेस सोडून थांबायला ५३ मीटर लागत होते, रेस दाबलेली असताना ५८ लागले. फरक पाच मीटरचा. पार्किंगमध्ये, जागेवरून निघताना, ब्रेकवर नीट पाय असताना गाडी भिंतीपर्यंत जायची तर एकाच क्षणी इंजिनही बिघडलं पाहिजे आणि ब्रेकही गेला पाहिजे, आणि नंतर तपासताना दोन्ही ठणठणीत सापडले पाहिजेत. मी तरी अशी गाडी अजून बघितलेली नाही.

मग तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा पाय चुकतो कसा? पाय कुठे आहे हे आपण कधी बघतच नाही. टाच जमिनीवर टेकलेली असते आणि पंजा अंदाजाने फिरतो. मागे वळून बघताना, पट्टा ओढताना, वॉचमनला काहीतरी सांगायला खिडकीकडे झुकताना कंबर फिरते, आणि कंबरेबरोबर पायही दोन इंच सरकतो. मेंदूने हुकूम दिला ‘ब्रेक’, पाय उतरला रेसवर. गाडी पुढे झेपावली की मेंदू तोच हुकूम आणखी जोरात देतो. आपला हुकूम बरोबर आहे याची त्याला खात्री असते, म्हणून पाय उचलून बघावा हे सुचतच नाही. गणित करून बघा. समोर सहा मीटर जागा असेल आणि रेस पूर्ण दाबली गेली, तर लहान गाडीसुद्धा दोन सेकंदांत भिंत गाठते, तेव्हा वेग ताशी वीसच्या पुढे असतो. माणसाला ‘अरे, हे काय होतंय’ एवढं कळायलाच एक-दीड सेकंद जातो.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. गिअरच्या गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबतो, डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. उजवा चुकून रेसवर पडला तरी डाव्याने इंजिन आणि चाकं यांची फारकत केलेली असते. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागेवर. म्हणजे तीस वर्षांत त्यांचा उजवा पाय दहा वेळा चुकला असेल आणि डाव्या पायाने दहाही वेळा सांभाळून घेतलं असेल, कुणाला पत्ताही न लागता. ऑटोमॅटिक घेतली आणि हा राखणदार गेला. चूक पूर्वीइतकीच होते, फक्त आता ती भिंतीपर्यंत पोचते. गिअरवरून ऑटोमॅटिकवर आलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसांच्या गाड्या माझ्याकडे अशा येतात त्याचं कारण मला हेच दिसतं. वयाने अक्कल कमी होत नाही हो, पाय उचलून हलवायला वेळ जास्त लागतो इतकंच.

आता ब्रेक ओव्हरराइड. सर्व्हिस सेंटरवाल्यांचं ‘ओव्हरराइड आहे म्हणून होऊच शकत नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. ओव्हरराइड म्हणजे काय, तर रेस आणि ब्रेक दोन्ही दाबलेले दिसले की संगणक ब्रेकचं ऐकतो आणि इंजिनाची ताकद कमी करतो. उपयोगाची गोष्ट आहे. पण ब्रेकवर पाय असला तरच. पाय रेसवर असेल तर ओव्हरराइडला करण्यासारखं काही उरतच नाही. एकच पेडल दाबलंय आणि मालक पिकअप मागतोय, एवढंच त्याला दिसतं. ज्या अपघाताची आपण चर्चा करतोय, नेमका त्याच अपघातात हा पहारेकरी आंधळा असतो.

ब्रेकवर पाय असला तरी अटी आहेतच. टोयोटाने २०१० नंतर ही सोय सरसकट बसवायला घेतली तेव्हा त्या उघड सांगितल्या होत्या : आधी रेस आणि नंतर ब्रेक दाबलेला हवा, ब्रेक अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ घट्ट दाबलेला हवा, आणि वेग ताशी साधारण आठ किलोमीटरच्या वर हवा. आधी ब्रेक आणि मग रेस, असं असेल तर ती चालत नाही. ही अट मुद्दाम ठेवलेली आहे. जोतिबाच्या चढावर गर्दीत गाडी उभी आहे, मागे बस चिकटलीय, तुम्ही डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने थोडी रेस देता. तिथे संगणकाने इंजिन मारलं तर गाडी मागे घरंगळेल. सगळ्या कंपन्यांच्या अटी अशाच असतील असं नाही, तुमच्या गाडीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये त्या बघा. पण पार्किंगमधला रांगता वेग बऱ्याचदा या अटींच्या खालीच असतो, हे लक्षात ठेवा.

शिवाय, तुम्ही ब्रेक दाबलाय हे संगणकाला कोण सांगतं? पेडलच्या वर बसवलेला एक छोटा स्विच, ज्याने मागचे लाल दिवे लागतात तोच. तो खराब झाला, किंवा कुणी दिव्यांच्या वायरिंगमध्ये कारागिरी केली, तर ब्रेक लागेल, पण ओव्हरराइडला ते कळणार नाही. आपल्याकडे मागचा दिवा महिनोन्‌महिने बंद असलेल्या गाड्या किती फिरतात, दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर उभं राहून मोजा.

याचा अर्थ गाडी कधीच दोषी नसते असाही नाही. या विषयाचा इतिहास दोन्ही बाजूंना फटके देणारा आहे. १९८६ साली अमेरिकेत ऑडी ५००० वर असाच आरोप झाला, टीव्हीवर गाजला, गाडीचा खप कोसळला. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने १९८९ मध्ये अहवाल दिला : बहुतेक प्रकरणांत पाय चुकीच्या पेडलवर. पण त्यातच असंही होतं की आयडलिंग सांभाळणाऱ्या यंत्रणेतल्या खोटीमुळे इंजिन थोडं उसळत असे आणि माणूस दचकत असे. मला हा अहवाल पटतो, कारण माझ्यासमोर गाडी येते तेव्हा कथा बहुधा अशीच निघते. टोचणी गाडीने दिलेली असते, चौखूर उधळवलेलं पायाने. एसीचा कॉम्प्रेसर लागला, रेस किंचित वर आली, गाडी अपेक्षेपेक्षा चार बोटं जास्त सरकली, माणूस दचकला, पाय दाबला. ऑडीच्या त्या प्रकरणानंतरच ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’मधून, म्हणजे पार्कमधून, लिव्हर हलू नये ही सोय आली. आज ती तुमच्याही गाडीत आहे. त्यामुळे गिअर टाकताना वडिलांचा पाय ब्रेकवर होता हे अगदी खरं. प्रश्न त्यानंतरच्या तीन सेकंदांचा आहे.

दुसरी बाजू २००९ ची. कॅलिफोर्नियात एका लेक्ससच्या, म्हणजे टोयोटाच्याच महागड्या गाडीच्या, अपघातात चौघे गेले, चालवणारा महामार्ग पोलिसातला अनुभवी अधिकारी. गाडीत दुसऱ्याच मॉडेलचं जाड रबरी मॅट टाकलेलं होतं आणि रेसचं पेडल त्यात अडकलं होतं. तीच गाडी त्याआधी काही दिवस ज्याच्याकडे होती, त्याच्याही हातात ती अशीच अडकली होती. त्याने कशीबशी थांबवली आणि गाडी परत देताना सांगितलंही होतं. पुढे कोणी काही केलं नाही. त्यानंतर टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, मॅटसाठी आणि चिकटणाऱ्या पेडलसाठी. २०११ मध्ये ‘नासा’च्या अभियंत्यांनी सांगितलं की इलेक्ट्रॉनिक्समुळे रेस पूर्ण उघडल्याचा पुरावा सापडला नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या ज्युरीने मात्र एका कॅमरीच्या अपघातात सॉफ्टवेअरवर बोट ठेवणाऱ्या तज्ज्ञाची साक्ष ऐकून कंपनीविरुद्ध ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली. आणि ग्राहकांपासून माहिती लपवल्याच्या प्रकरणात २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरले. ‘आमची गाडी असं करूच शकत नाही’ हे वाक्य ऐकलं की मला तो आकडा आठवतो. टेस्लाने २०२४ मध्ये ३,८७८ सायबरट्रक परत बोलावले, कारण पेडलवरची पट्टी निसटून रेस दाबलेलीच अडकत होती. पट्टी बसवताना कारखान्यात साबण लावला होता!

आपल्या गावात अडकण्याची कारणं याहून साधी. कंपनीच्या मॅटवर दुकानातून घेतलेलं जाडजूड सेव्हन डी मॅट टाकायचं, खालचे हुक तसेच मोकळे. सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली बसते, हे मी स्वतः तीनदा काढलंय. पेडलवर चमकणारी अ‍ॅल्युमिनियमची कव्हरं बसवतात, तीही ढिली. आणि एक बोलतो, राग मानू नका : कापशी चप्पल घालून गाडी चालवू नका. चप्पल आपल्या गावची शान आहे, पण तळ गुळगुळीत, मागून मोकळी आणि रुंद. ओल्या पायाने घातली की पंजा एकीकडे आणि चप्पल दुसरीकडे जाते. मी स्वतः चप्पल काढून शेजारच्या सीटखाली ठेवतो.

रस्त्यावर वेगात असताना रेस खरंच अडकली तर काय करायचं, ते सगळ्यांनीच माहीत करून घ्यावं, कारण ब्रेकची खरी मर्यादा तिथे दिसते. ब्रेकला मदत करणारा बूस्टर पेट्रोल गाडीत बहुधा इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. रेस पूर्ण उघडली की ही ओढ जवळजवळ नाहीशी होते. बूस्टरमध्ये साठलेलं व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरतं असतं. जुन्या लोकांची सवय असते पंपिंग करायची, दाब-सोड, दाब-सोड. इथे ती घात करते. तिसऱ्या-चौथ्या दाबाला पेडल लाकूड होतं. अमेरिकी खात्याने लेक्ससवर मोजलं तेव्हा जिथे चौदा किलोचा जोर पुरत होता, तिथे सत्तरच्या आसपास लागला. खोटं वाटत असेल तर दारात उभी गाडी बंद करून चार वेळा ब्रेक दाबा, कळेल. मग पाय दाबून ठेवूनच गाडी सुरू करा, पेडल आपसूक खाली जाईल. बूस्टर तपासायची ही आमची रोजची पद्धतही आहे. डिझेल गाडीत व्हॅक्यूमचा वेगळा पंप असतो, विजेच्या गाडीत मदत विजेवर मिळते, तिथे हा त्रास नाही. पण लांबवर अर्धवट ब्रेक दाबत राहिलात तर ताप सगळ्यांनाच. पाणी शोषलेलं डॉट ३ ब्रेक ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं, आणि उकळलं की पेडल पोकळ.

म्हणून एकदाच, सगळ्या ताकदीने ब्रेक दाबायचा आणि सोडायचा नाही. त्याच वेळी लिव्हर न्यूट्रलमध्ये, गिअरची गाडी असेल तर क्लच. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे, त्याचे फेरे हद्दीत ठेवणारा लिमिटर असतो. गाडी उभी राहिली की मग बंद. चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बटणाच्या गाडीत नुसतं टिचकी मारून इंजिन बंद होत नाही, साधारण तीन सेकंद दाबून धरावं लागतं. हे आणीबाणीत कुणाला सुचत नाही, म्हणून आज मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

चावीचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. वडापच्या, म्हणजे शेअर सवारीच्या, एका जुन्या डिझेल ट्रॅक्सचं टर्बोचं सील गेलं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागलं. पांढऱ्या धुराचा लोट, चावी काढून हातात, तरी इंजिन चालूच. गगनबावड्याकडून आलेला तो ड्रायव्हर गडी शहाणा. टॉप गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिला आणि क्लच सोडला. इंजिन जागेवर गुदमरून बंद. डिझेलमध्ये हे खरोखर घडतं, आणि त्यात पायाची चूक नसते.

आता तुमचं काम. विम्याच्या भांडणासाठी वडिलांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करू नका. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान चालवणाऱ्याच्या चुकीनेही भरून मिळतं, लायसन्स वैध हवं आणि दारू प्यायलेली नको. जे घडलं तेच लिहा, ‘गाडी आपोआप पळाली’ असं छातीठोक लिहू नका. एअरबॅग फुटली असेल तर काही गाड्यांच्या एअरबॅग मॉड्यूलमध्ये धडकेआधीच्या पाच सेकंदांची नोंद राहते : वेग, रेस किती टक्के, ब्रेक चालू की बंद. ती मागा, लेखी मागा. पण ध्यानात घ्या, ती नोंद संगणकाला काय दिसलं याची आहे, पायाची नाही. मॅट, पेडल, सीटखालचा भाग यांचे फोटो जसंच्या तसं असताना काढा. वडिलांनी त्या दिवशी घातलेलं पायताण धुऊ नका. दक्षिण कोरियात सोल शहरात जुलै २०२४ ला अशाच एका उधळलेल्या गाडीने नऊ जणांचा बळी घेतला, चालवणारा ‘ब्रेक लागला नाही’ म्हणत होता, आणि त्याच्या बुटाच्या तळाला रेसच्या पेडलची खूण सापडली.

गाडी दुरुस्त होऊन आली की वडिलांना मोकळ्या मैदानात घेऊन जा. डावा पाय कायमचा फूटरेस्टवर, गिअर टाकण्याआधी नजर समोर, आणि पार्किंगमध्ये रेसला स्पर्शच नाही. ऑटोमॅटिक नुसता ब्रेक सैल केला की रांगते, तेवढ्यावर गाडी काढता येते. हे महिनाभर गिरवावं लागतं.

पण त्याआधी, आजच, सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मिळवा. बऱ्याच ठिकाणी ते पंधरा दिवसांत पुसलं जातं. गाडी सुटल्यापासून भिंतीपर्यंत मागचे लाल दिवे लागलेले दिसतात का, एवढंच बघायचं. लागलेले नसतील तर बहुधा पाय कुठे होता ते कळलं, फक्त ते स्विच आणि बल्ब चालू आहेत ना हे तपासून घ्या. आणि लागलेले दिसले, तरी गाडी पळताना दिसली, तर गाडीला कुणाला हात लावू देऊ नका आणि मला फोन करा, मी येतो बघायला.